मराठी आठ

माहा जन्म वांकिडीकडचा, मंजे खास वांकिडीतला नाई, तिथून आत, जिथं एक पाय आंध्रात आन एक पाय महाराष्ट्रात ठेवून माणूस आरामात तंबाखू चोळू शकते अशा गावातला. तेलंगणा तवा व्हायचा होता, आंध्रच होतं, आन आमच्या गावात आंध्र मंजे तेलुगूत येणारा सरकारी कागद, जो कोणालेच वाचता येत नव्हता. माहा बा सालदार होता, दुसऱ्याची बंडी हाकता हाकता त्याचा जलम गेला, स्वतःच्या मालकीचं एक चाक त्याच्या नशिबी आलं नाई. मी मराठी शाळेत शिकलो, ट्रेनिंग केलं आन इचोड्याजवळच्या एका खेड्यात मराठी शाळेवर गुरुजी लागलो. पहिलीच्या पोरायले अंक शिकवत होतो. काय सांगू तुमाले, ज्या अंकायवर पोट भरलं त्याच अंकायनं माही इज्जत घेतली.

तुमी वही घेऊन बसले म्हणून आगुदरच सांगून ठेवतो, हे काई मोठेपणाचं बोलणं नाई. मी मोटारसायकल कशी शिकलो आन लायसन कसं काढलं त्याची गोष्ट हाय, आन त्यापायी माह्या बायकोची मास्तरणीची नोकरी लागायच्या आगुदरच गेली. चार लोकांत मी हे सांगतो तवा फक्त आर्धं सांगतो, हसायचं तेवढं. आज पुरं सांगतो. बायको आत स्वयंपाक करून राह्यली, ऐकू जाते तिले, जाऊ द्या.

बायको माही बेल्लमपल्लीची, सुलोचना. तिचे बाबा कोळशाच्या खाणीत, क्वार्टरात लहानाची मोठी झालेली, शाळा तेलुगूत, मराठी घरात. सायकलवर शाळेत जाये. बापानं मोपेड घेतली तर पाळी सुटायच्या टायमाले तेच मोपेड घेऊन बापाले आणायले जाये खाणीवर. मी पाहायले गेलो तवा हे सारं मले कोणी तरी कौतुकानं सांगतलं होतं, आन मी म्हटलं होतं हो काय, छान छान, आन मनात म्हटलं होतं आता लगन झाल्यावर कशाले लागते मोपेड.

मंग मी गाडी घेतली, लाल, शंभर सीसीची. बा गावाहून खास पाहायले आला, गाडीभोवती तीन चकरा मारल्या, हात लावू का म्हणे. शिकवलं कोणी, तर आमच्या शेजारी राहणाऱ्या बसच्या कंडक्टरनं. आता कंडक्टरले काय येते, जाऊ द्या आन थांबा, दोनच गोष्टी येतेत. तेवढंच त्यानं शिकवलं. क्लच सोडा, जाऊ द्या. ब्रेक मारा, थांबा. घरून शाळेपर्यंत सडक नाकासारखी सरळ, त्याच्यानं माहं काई अडलं नाई. वापस यायचं असलं का मी उतरून मांगून गाडी धरो आन बंडीचा बैल फिरवते तशी गाडी फिरवून तिचं तोंड घराकडं करो. लोकांले वाटे गुरुजी गाडीले लय जपतेत.

लायसनच्या टेस्टले गेलो. ऑफिसच्या मांगं मोकळं मैदान, दोन दगड ठेवलेले, इन्स्पेक्टर साहेब हैदराबादकडचे, झाडाखाली खुर्ची टाकून बसलेले. मले म्हणे, मास्टर, आठ का हिंदसा डालो, पाँव नीचे नक्को टेको. हिंदसा मंजे आकडा, एवढं मले समजते, आमच्याकडं जुन्या लोकांच्या तोंडी हाय तो शब्द. मी म्हटलं वा, आकडा तर आपला धंदा हाय. रोज सकाळी फळ्यावर काढतो. गाडी सुरू केली, फळ्यावर हात जसा फिरते तशी गाडी फिरवली, वरून निघालो, डावीकडं पोट काढलं, खाली येऊन उजवीकडं शेपूट दिली, आन शेपटीसोबत फाटकातून बाहेर सडकेवर निघून गेलो. आता मराठी आठ लिहून पाहा तुमी, तो असाच हाय, एक डाव वळते आन निघून जाते, वापस येत नाई. सडकेवर उतरलो, गाडी मांगून धरून फिरवली आन छाती काढून आत आलो. साहेब खुर्चीतून उठून उभे. किधर को चले गए थे मास्टर. मी म्हटलं, आठ काढून आलो साहेब. कौनसा आठ. मी खाली बसून धुळीत बोटानं काढून दाखवला, ८.

पंधरा-वीस माणसं होती तिथं टेस्टले आलेली, हसता हसता एक जण गाडीवरून पडला, त्याची टेस्ट व्हायच्या आगुदर. साहेब मातर माणूस चांगला. हसले नाईत. म्हणे, अरे चूप, मास्टर बराबर लिखे, ये मराठी आठ है. मंग बुटाच्या टोकानं बाजूले दुसरा काढला, दोन कडे एकमेकांत अडकवल्यासारखा. म्हणे, पर सरकार का आठ ये है. मी पाह्यलं. सरकारच्या आठात माणूस जिथून निघाला तिथंच यायले पाह्यजे, आन येता येता दोन डाव पुरा वळायले पाह्यजे, एक डाव इकडून, एक डाव तिकडून. मी केलं. पाय चारदा टेकला, पाचव्यांदा गाडीच टेकली. साहेब म्हणे, एक महीने के बाद आओ, सीख के आओ.

कंडक्टरनं हे बातमी तिकिटासारखी वाटली. दुसऱ्या दिवशी शाळेत फळ्यावर कोणी तरी हा मोठा इंग्रजी आठ काढून ठेवला होता. पोट्ट्यायच्या माय-बापायनं रस्त्यात धरावं, काय गुरुजी, कोणता आठ, मराठी का सरकारी. मी भी हसो, पण घरी आलो का डोक्यात एकच. अंकाचा मास्तर अंकात नापास. सुलोचना म्हणे, तेलुगू शाळेत आमचा आठ इंग्रजीच होता, मले विचारलं असतं तर सांगतलं असतं. मी शिकवू का तुमाले, शाळेच्या मैदानात, चार दिवसाचं काम हाय. मी म्हटलं, बायकोजवळून गाडी शिकू मी, आताच गावाले एवढं हसू येऊन राह्यलं, ते कमी हाय का.

इथून माहा खरा घसरणीचा रस्ता सुरू झाला. इचोड्याले एक मेकॅनिक होता ओळखीचा, तेलुगू माणूस, हाडकुळा, माह्यासारखीच मिशी. म्हणे, एम् कादु सारू, काई होत नाई, फोटो पाहते कोण, तुमचा शर्ट मले द्या. महिन्यानं गेलो तवा साहेब दुसरेच होते. मेकॅनिकनं माहा पांढरा शर्ट घातला, मी त्याचा ग्रीसचा काळा शर्ट घालून चिंचेच्या झाडामांगं उभा राह्यलो. माह्या नावाचा पुकारा झाला आन माह्या नावानं त्यानं असा आठ काढला का विचारू नका, एका हातानं मिशी पुसत पुसत. मी झाडामांगून पाहून राह्यलो, आन खरं सांगतो, मलेच माहा अभिमान वाटला. लायसन आलं. घरी आलो तर शर्टाच्या कॉलरले ग्रीस. सुलोचना म्हणे, हे काय. मी म्हटलं, टेस्ट लय कडक होती. तिनं शर्ट घेतला, साबण लावला.

आता जरा ऐका, हे हसायचं नाई. त्या वर्षी तेलुगू शाळेच्या मास्तरांच्या जागा निघाल्या. सुलोचनाचं ट्रेनिंग लग्नाआगुदरच झालेलं होतं, पण जागा निघत नव्हत्या, आन आता निघाल्या तवा तिच्या वयाची मर्यादा सरून राह्यली होती. ही परीक्षा पहिली आन हीच शेवटची. सहा महिने तिनं अभ्यास केला, चुलीसमोर पुस्तक, इहिरीवर पुस्तक. परीक्षा आदिलाबादले. ते म्हणे मी सकाळच्या बसनं जाते. मी म्हटलं, बसनं काऊन, गाडी हाय ना, लायसन हाय ना, लायसनवाल्याची बायको बसनं जाते काय. ते माह्याकडं पाहत राह्यली जराशी, मंग म्हणे, बरं.

तिचं हॉल तिकीट मी सांभाळून ठेवलं होतं, मास्तरचा जीव, महत्त्वाचा कागद शाळेच्या हजेरीबुकात ठेवायचा. सकाळी निघालो, नागपूर-हैदराबादच्या मोठ्या सडकेले लागलो, आन दोन-तीन किलोमीटर गेल्यावर मले आठवलं. हॉल तिकीट हजेरीतच. म्हटलं सुलोचना, वापस जाऊन घ्या लागते. टाइम होता अजून, घाबरायचं काम नव्हतं. ते म्हणे, थांबा, मी उतरते, तुमी गाडी वळवा.

तेवढं ऐकलं असतं. पण मले वाटलं, उतरली तर ते पाहील, का मी गाडीची शेपटी धरून फिरवतो. तेवढ्यासाठी, फक्त तेवढ्या लाजेसाठी, मी म्हटलं, बसून राय, लायसन हाय माह्याजवळ. आन हँडल फिरवलं. नजर कुठं, तर पुढच्या चाकावर. गाडी आर्धी वळली, सडकेच्या मधात आडवी आली आन तिथंच इंजिनाचा जीव गेला. बाजूनं ट्रकचा हॉर्न. मी घाबरून पाय टेकायले गेलो, पाय पोचला नाई. गाडी सुलोचनाच्या अंगावरच पडली. ट्रकवाल्यानं ब्रेक मारला, चार हातावर थांबला, नाई तर आज तुमी इथं बसून काई लिहून राह्यले नसते. मले खरचटलं भी नाई. सुलोचनाचा उजवा हात मोडला, मनगटात.

धाब्यावरचे लोकं धावले, गाडी उचलली. ट्रकवाला उतरला, पंजाबी, उंच माणूस. म्हणे, मास्टरजी, लाइसेंस है. मी खिशातून काढून दाखवलं. त्यानं उलटून पाह्यलं, वापस दिलं, म्हणे, है तो फिर ठीक है, भाभीजी पीछे हिल गई होंगी.

आन मी म्हटलं, हां, हिल गई.

तीन शब्द. सुलोचना सडकेच्या कडेले हात पोटाशी धरून बसली होती, माह्यापासून दोन पावलावर. तिनं ऐकलं. मंग धाब्यावरच्या माणसानं विचारलं, तर त्यालेही तेच सांगतलं, थोडं अजून वाढवून, का बायायले गाडीवर बसायची सवय नसते, वळताना हालतेत. ते मधातच म्हणे, अहो, कोणाले तरी तिकीट आणायले पाठवा, मी डाव्या हातानं लिहिते. मी ऐकलं आन उत्तर दिलं नाई, कारण दोन माणसं नवीन आले होते आन त्यायले सांगायचं राह्यलं होतं का कोण हाललं. तवर हात सुजून मडक्याएवढा झाला. ट्रकवाल्यानंच आमाले कॅबिनमध्ये बसवून आदिलाबादच्या दवाखान्यात नेलं. जाता जाता परीक्षेची शाळा लागली. पोरी रांगेत आत जाऊन राह्यल्या होत्या, छातीशी पॅड धरून. ते खिडकीकडं बसली होती. मी तिच्याकडं पाह्यलं नाई, मी ट्रकचा गिअर पाहत राह्यलो, जसं का मले तोच शिकायचा हाय.

दुसऱ्या दिवशी सासरे आले बेल्लमपल्लीहून. प्लास्टर पाह्यलं, मले विचारलं, जावाईबापू, कसं झालं. मी म्हटलं, मामा, वळताना हे मांगं हालली. म्हातारा तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणे, पोरी, गाडीवर सरळ बसावं माय, तुले तर सवय होती. तिनं माह्याकडं पाह्यलं. रागानं नाई, नुसतं पाह्यलं, पोट्टं उत्तर देते का नाई हे पाहण्यासाठी मास्तर थांबते ना, तसं. मी खाली पाह्यलं. मंग ते म्हणे, हो बाबा.

काय सांगू तुमाले, तिच्या त्या ‘हो बाबा’नं जे केलं ते ट्रकनं नसतं केलं.

म्हातारा बेल्लमपल्लीले वापस गेल्यावर आठ दिवसानं, मी तिची वेणी घालून राह्यलो होतो, एका हातानं तिले येत नव्हती, आन मले भी येत नव्हती, तवा ते म्हणे, तुमाले वळवता येत नाई हे मले माहीत होतं. कॉलरचं ग्रीस पाह्यलं तवाच समजलं. मी म्हटलं, मंग काऊन बसली मांगं. ते म्हणे, बसनं गेली असती तर तुमाले लाज वाटली असती.

माह्या हातातून केस सुटले. माही लाज वाचवायले ते बसली, आन मी माही लाज वाचवायले तिचंच नाव घेतलं.

तिचा हात गळ्यातल्या झोळीत होता तवाच मी तिले म्हटलं, शिकव मले. शाळेच्या मैदानात, दिवसाढवळ्या, साऱ्या गावासमोर. ते मधात उभी, प्लास्टरचा हात छातीशी, आन मी तिच्याभोवती. पोट्टे भिंतीवर बसून पाहत, कंडक्टर भी. सुलोचना म्हणे, चाकाकडं पाहू नका, चाक कुठं जाते ते चाकाले माहीत हाय, तुमाले जिथं जायचं तिथं पाहा. क्लच आर्धा दाबून धरा, मांगचा ब्रेक जरासा, घाई कोणाले हाय. मान वळवा, मान वळली का गाडी वळते. एकदा म्हणे, गुरुजी, पहिलीच्या पोरायले असंच शिकवता का, रडत रडत. चार दिवसाचं काम म्हणली होती, मले एकवीस दिवस लागले. आरशात पाहायचं, हात दाखवायचा, मोठ्या सडकेवर वळायचं असलं का आगुदर कडेले थांबायचं, सडक रिकामी होऊ द्यायची, मांगचा माणूस उतरतो म्हणे तर उतरू द्यायचं. हे शेवटचं तिनं सांगतलं नाई. ते मी आपल्या मनानं शिकलो.

मंग मी अर्ज लिहिला का माहं लायसन खोटं हाय, रद्द करा. ऑफिसात नेला. कारकुनानं दोनदा वाचला, म्हणे, सारू, लायसन मागायचा फारम हाय, हरवलं त्याचा हाय, वापस द्यायचा फारमच नाई, जा घरी, माह्या डोक्याले ताप करू नका. बाहेर ते पहिले साहेब दिसले, बदली होऊन वापस आलेले. मले ओळखलं. क्या मास्टर, आठ आया क्या. मी म्हटलं, साहेब, लायसन तर हाय, पण टेस्ट राह्यली. जेवढं झालं तेवढं सारं त्यायले सांगतलं, शर्टासकट. मंग चहाचा गिलास हातात घेऊन मैदानात आले, म्हणे, डालो. मी काढला, सरकारचा. पाय टेकला नाई. ते म्हणे, गाड़ी का तो हो गया मास्टर, बाकी का मेरे हाथ में नहीं.

बाकीचं बेल्लमपल्लीले होतं. बसनं गेलो, गाडीवर जायची हिंमत झाली नाई. सासरे पाळीवरून येऊन क्वार्टरासमोर पाय धुऊन राह्यले होते. उभ्यानंच सांगतलं, मामा, ते हालली नव्हती. मले वळवता येत नव्हतं, लायसन दुसऱ्यानं काढलं होतं. म्हातारा पाय धूतच राह्यला. कोळसा निघत नाई लवकर टाचेतून. मंग म्हणे, खाणीत कोणाच्या हातून चूक झाली, लाकडाचा टेकू ढिला राह्यला, तर वर आल्यावर पहिले तोंडानं सांगा लागते. नाई सांगतलं तर दुसऱ्या पाळीचा माणूस त्याच जागी जाऊन दबते. मी म्हटलं, हो मामा. म्हणे, तुमी लय पाळ्या जाऊ दिल्या, जावाईबापू. एवढंच. मंग आत आवाज दिला, ताट वाढा म्हणून. मी जेवलो. कसा जेवलो मलेच माहीत.

जागा मंग निघाल्या, पण तिचं वय निघून गेलं होतं. तिनं ओसरीवर तेलुगू शिकवायले सुरू केलं, आमच्या मराठी शाळेच्या पोरायले. आज आदिलाबादच्या ऑफिसायत आमच्या गावचे जेवढे पोट्टे तेलुगूत फायली लिहून राह्यले, ते तिच्या हाताखालचे. ते तिले मॅडम म्हणतेत. मास्तरकीचा पगार आन आता पेन्शन मातर माह्याच नावानं येते या घरात. मनगट तिचं पुरं फिरत नाई, थंडीत दुखते. मोपेड तिनं घेतली, लायसन एका दमात काढलं, पण हात दुखला का चालवत नाई.

तवा माह्या मांगं बसते. बाजारले, दवाखान्यात. मी विचारतो, बसली का, ते म्हणते, हो, चला. वळायचं असलं का मी आगुदर सांगतो, सुलोचना, आता उजवीकडं वळून राह्यलो. मांगच्या लोखंडी दांडीले धरून बसते ते, डाव्या हातानं. माह्या खांद्यावर हात ठेवला नाई तिनं त्या दिवसापासून कधी, आन ठेव म्हणायले माहं तोंड नाई. मी आपली गाडी हळू चालवतो. मांगं बसते, एवढं माह्यासाठी लय झालं. तिचं भलं होवो, तिच्या शिकवणीच्या पोरायचं भलं होवो, आन तुमी हे लिहून घेतलं तर तेवढं ठळक लिहा, का ते हालली नव्हती.